नदीचा वाण, हौदातली पैदास

अमेरिकेच्या आयडाहो राज्यात क्लिअरवॉटर नदीच्या उत्तर फाट्यावर 1973 साली ड्वोर्शॅक धरण बांधून पूर्ण झालं. उंची 219 मीटर, आणि माशांना वर जायला वाट ठेवलेली नाही. धरणामागच्या ओढ्यांत पिढ्यान्‌पिढ्या अंडी घालणाऱ्या स्टीलहेडचं घर कायमचं बंद झालं.

स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन वाढणारा रेनबो ट्राउट. या खोऱ्यातले बरेचसे स्टीलहेड वर्षभरात समुद्रातून परततात. उत्तर फाट्याचे मात्र सहसा दोन वर्षं तिथं राहतात, म्हणून अंगानं दांडगे होतात. मग आठ धरणं ओलांडत, प्रवाहाविरुद्ध सुमारे 800 किलोमीटर पोहत येतात. तिथले गळकरी त्यांना ‘बी-रन’ म्हणतात.

हा वाण टिकला तो धरणाच्या पायथ्याशी, अहसाका इथं 1969 मध्ये सुरू झालेल्या हॅचरीमुळे, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रामुळे. तिच्या कारभारात नेझ पर्स या मूळ रहिवासी जमातीचाही वाटा आहे. पण नदीत जोडीदार, जागा आणि वेळ मासाच ठरवतो; हौदात ते माणसाला ठरवावं लागतं.

मासे पायऱ्यांच्या वाटेनं हौदात येतात. त्यांना भूल देऊन पोट हातानं चाचपतात. गाभोळी सुटी लागली की मादी तयार. नारिंगी अंडी भांड्यात घेऊन त्यांवर एका नराचं शुक्रद्रव सोडतात. पाच-सहा नरांचं एकत्र ओतलं तर एखाद्याचंच बीज बाजी मारतं आणि बाकीचे वंशातून बाद होतात. म्हणून एका मादीला एक नर. मग अंडी आयोडीनच्या द्रावणात धुवायची, रोगतपासणीचे नमुने घ्यायचे आणि पराचा छोटा तुकडा डीएनएसाठी ठेवायचा. क्लिअरवॉटर जिला मिळते त्या स्नेक नदीच्या खोऱ्यातल्या हॅचऱ्यांत 2008 पासून पैदाशीच्या माशांची अशी नोंद होऊ लागली. त्यामुळे पुढं परतलेल्या माशाचे आई-बाप सापडतात.

निवडीत चूक झाली तर काय होतं, हे वॉशिंग्टन राज्यातल्या चेंबर्स क्रीकच्या वाणानं दाखवलं. तिथं लवकर अंडी देणारे मासे मुद्दाम निवडत गेले, कारण पिल्लं वर्षभरात सोडण्याजोगी व्हायला हवी होती. काही पिढ्यांत हा वाण डिसेंबर-जानेवारीतच अंडी देऊ लागला. जंगली भाऊबंद मात्र वसंत ऋतूत देतात. सुरुवातीला आलेल्या माशांवरच कोटा भरला, तरी न ठरवता हेच घडतं. म्हणून पैदाशीचे मासे हंगामभर थोडे थोडे घ्यावे लागतात. आकाराचंही तसंच. मोठे मासे पैदाशीला उरावेत म्हणून काही हंगामांत क्लिअरवॉटरवर 28 इंचांहून लांब स्टीलहेड गळाला लागला तर सोडून देण्याचा नियम होता. सप्टेंबर 2019 मध्ये पैदाशीपुरतेही मासे येणार नाहीत अशी चिन्हं दिसली, तेव्हा मासेमारीच बंद केली.

एवढं सांभाळूनही हौद आपली छाप सोडतोच. ऑरेगॉनच्या हूड नदीतल्या स्टीलहेडचा डीएनएवरून वंशवृक्ष मांडला गेला. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की हॅचरीतल्या प्रत्येक पिढीमागं नदीत प्रजननाची क्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटते. 2012 च्या अभ्यासानं त्यामागचं कारणही पुढं आणलं: हॅचरीत सगळ्यात सरस ठरलेल्या जंगली आई-बापांची पिल्लं नदीत सगळ्यात मागं पडली. आयतं खाणं, शत्रू नाही, गर्दी मात्र फार. अशा जागी तगणारा गुण खळाळत्या पाण्यात उपयोगी पडत नाही.

आपल्याकडच्या महासीरची गोष्टही अभ्यासण्यासारखी आहे. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटा पॉवरच्या केंद्रात अनेक दशकं महासीरची पैदास होते. कावेरीत मात्र बाहेरून सोडलेला निळ्या परांचा महासीर फोफावला आणि तिथला मूळचा कुबडा महासीर 2018 मध्ये अतिसंकटग्रस्त यादीत गेला. मत्स्यबीज सोडणं ही सहसा कौतुकाची बातमी असते. पण बीज कुठल्या नदीचं, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा.

धरण आहे तोवर ड्वोर्शॅकची हॅचरी लागणारच. ती नसती तर हा वाण आज नसता. पण हॅचरीचं यश सोडलेल्या पिल्लांच्या संख्येवरून मोजू नये. दोन वर्षं समुद्रात राहून, आपल्या वेळेला, आपल्या आकाराचा मासा परतला का, हेच मोजावं.