बतुकम्मा कुंट्यात पुन्हा पाणी

हैदराबादला पाहुण्यांकडे जाणे झाले, की चारमिनार, सालारजंग आणि गोवळकोंडा ठरलेलेच. यंदा काचीगुड्याला उतरलात तर आणखी एक जागा मुलांना जरूर दाखवा. नल्लकुंट्याच्या शेजारी, बाग अंबरपेठेत, घरांच्या दाटीत एक तळे आहे. नाव बतुकम्मा कुंटा.

नल्लकुंटा हे नावही तळ्याचेच. तेलुगूत 'नल्ल' म्हणजे काळे आणि 'कुंटा' म्हणजे लहान तळे. कन्नडमध्येही तळ्याला 'कुंटे' म्हणतात. आपल्या भागात मात्र 'कुंटे' म्हटले की आधी कुळव डोळ्यांपुढे येतो. आज नल्लकुंटा ओळखला जातो तो तिथल्या फिवर हॉस्पिटलमुळे. नावातले तळे शोधून सापडत नाही.

बतुकम्मा कुंट्याचीही हीच गत होत होती. १९६२-६३च्या नोंदीनुसार हे तळे सुमारे १४ एकरांचे. पुढे त्यात राडारोडा पडत गेला, कडेने घरे उठली, झुडपे माजली. जागेच्या मालकीचा वाद कोर्टात गेला. अलीकडे मोजणी झाली तेव्हा हाती राहिले होते जेमतेम ५ एकर.

तेलंगण सरकारने २०२४ मध्ये तलाव आणि सरकारी जागा राखण्यासाठी 'हायड्रा' ही यंत्रणा उभी केली. तिने फेब्रुवारी २०२५ मध्ये इथे खोदाई सुरू केली आणि थोडे खणताच पाणी वर आले. सप्टेंबर २०२५ मध्ये, बतुकम्माच्याच दिवसांत, तळे लोकांसाठी खुले झाले. आता काठाने फिरायला वाट आहे, बसायला बाके आहेत.

हा सण आपल्या भोंडल्याचा जवळचा नातलग. सर्वपित्री अमावस्येला सुरू होतो आणि दुर्गाष्टमीच्या सुमारास 'सद्दुल बतुकम्मा'ने संपतो. ताटात फुलांचे थर रचून मनोरा करायचा, त्याभोवती फेर धरून टाळ्या देत गाणी म्हणायची आणि शेवटी तो पाण्यात सोडायचा. फुले बागेतली नव्हेत, माळावरची. तंगेडू म्हणजे आपला तरवड, कन्नडमधली तंगडी. गुनुगू म्हणजे कुर्डू. जोडीला झेंडू. म्हणजे या सणाला माळही हवा आणि तळेही हवे. तळे बुजले की बायकांनी फुले सोडायची कुठे?

'बतुकु' म्हणजे जगणे. कन्नड घरांत 'बदुकु' हा शब्द रोजचाच, त्यामुळे 'बतुकम्मा'चा अर्थ त्यांना वेगळा सांगायला नको.

मात्र गेलेले नऊ एकर परत आलेले नाहीत. तिथे आता लोकांचे संसार आहेत. वाचले ते उरलेले पाच एकर, आणि तेही जुन्या नोंदीत तळ्याची हद्द लिहिलेली होती म्हणून.

बेळगावचा किल्ला तलाव, सोलापूरचा कंबर तलाव, विजापूरचा बेगम तलाव हे आपले मोठे मानकरी. त्यांच्याकडे निदान लोकांचे लक्ष असते. गावोगावच्या लहान तळ्यांना कोण विचारतो? आपल्या गावच्या तळ्याची नोंद, सातबारा असो की पहाणी, एकदा काढून पाहा. कागदावर किती एकर आहे आणि पाणी किती एकरांत उरले आहे, हे पोरांना सोबत नेऊन मोजा. राडारोड्याची पहिली गाडी रिकामी होते, त्याच दिवशी हटकायचे असते.