नखे, नखरंग आणि हातांची निगा

आपल्या शरीराच्या ज्या भागांकडे लक्ष क्वचितच जाते, त्यांत नखांची गणना केली पाहिजे. ती वाढली म्हणजे आपण कापतो, मोडली म्हणजे क्षणभर हळहळतो, आणि सणासुदीस मुली त्यांवर रंग चढवितात. याहून अधिक विचार कोणी करीत नाही. अलीकडे मात्र नाना तऱ्हेचे नखरंग, दिव्याखाली घट्ट होणारे 'जेल' आणि चिकटवावयाची तयार नखे बाजारात सहज मिळू लागली असून शाळकरी मुलीही घरच्या घरी त्यांचा उपयोग करू लागल्या आहेत. आईवडिलांपैकी कोणी सरसकट मनाई करतात, तर कोणी डोळेझाक करतात. मनाई करणे सोपे, डोळेझाक करणे त्याहून सोपे. परंतु नख म्हणजे काय, हे रंग कशाचे बनतात आणि त्यांतील कोणते निर्धोक व कोणते अपायकारक, हे समजून घेणे दोहोंपेक्षा हिताचे आहे. त्याच हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

हा विषय केवळ शृंगाराचा आहे असे मात्र कोणी समजू नये. सोलापुराहून अक्कलकोटकडे जाताना कुंभारी हे गाव लागते. येथे विडी कामगार स्त्रियांसाठी सहकारी तत्त्वावर बांधलेली दहा हजार घरांची वसाहत असून तिला गोदूताई परुळेकर यांचे नाव दिले आहे. १ सप्टेंबर २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे कामगारांस मिळाली. पुढे १९ जानेवारी २०२४ रोजी याच गावच्या रे नगर वसाहतीतील पंधरा हजार घरांचे हस्तांतरण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. इतक्या मोठ्या वस्तीत कित्येक घरांचा संसार बोटांच्या टोकांवर चालतो. तेंदूचे पान भिजवून कापावे, त्यात तंबाखू भरावी, पान वळावे आणि टोक नखाने किंवा लहानशा हत्याराने दुमडून दोरा गुंडाळावा, असे हे काम आहे. ज्या घरी आईची नखे असे काम करतात, त्याच घरी मुलगी आपल्या नखांस रंग लावू पाहते. म्हणून नखांची गोष्ट दोघींच्याही दृष्टीने सांगितली पाहिजे.

प्रथम नखाची रचना पाहू. नख हे केराटिन नावाच्या कठीण द्रव्याचे बनलेले असते. आपले केस, गाईची शिंगे आणि घोड्याचे खूर ही त्याच द्रव्याची भावंडे होत. नखाचा जो भाग आपणांस दिसतो तो निर्जीव असतो. म्हणूनच तो कापताना वेदना होत नाहीत. जिवंत भाग कातडीखाली, नखाच्या मुळाशी दडलेला असतो. अंगठ्याच्या नखाच्या तळाशी जी फिकट चंद्रकोर दिसते, ती या जिवंत मुळाची दृश्य कडा होय. मुळाशी नवीन पेशी सारख्या तयार होतात, जुन्यांस पुढे ढकलतात, आणि त्या चपट्या व कठीण होऊन नखाचे रूप घेतात. नख आणि कातडी यांच्या सांध्यावर एक पातळ पापुद्रा असतो. तो घराच्या उंबऱ्यावरील राखणदारासारखा आहे. पाणी, धूळ आणि रोगजंतू यांस तो मुळापर्यंत जाऊ देत नाही. दिसावयास बरे नाही म्हणून पुष्कळजण तो कापून टाकतात. राखणदारास घालवून दिल्यावर चोर शिरल्यास नवल कसले? नखुरडे होऊन बोट ठणकू लागते, त्याचे एक कारण हेच.

हाताचे नख महिन्यास सुमारे तीन मिलिमीटर वाढते. म्हणजे संपूर्ण नख नवे होण्यास सहा महिने लागतात. पायाच्या नखास वर्ष ते दीड वर्ष लागते. हे पडताळून पाहण्याचे साधन आपल्या घरी निवडणुकीच्या वेळी आपोआप येते. मतदारांच्या डाव्या तर्जनीवर जी शाई लावतात, ती म्हैसूर येथे तयार होते, आणि देशाच्या सार्वत्रिक निवडणुकीत तिचा वापर १९६२ पासून होत आहे. तिच्यातील सिल्व्हर नायट्रेट प्रकाशाने काळे पडते. कातडीवरील डाग थोड्या दिवसांत जातो, परंतु नखावरील डाग नखाबरोबर पुढे सरकत राहतो. विद्यार्थ्यांनी आईच्या किंवा वडिलांच्या बोटावरील हा डाग दर आठवड्यास मोजपट्टीने मोजून वहीत टिपावा. शास्त्राचा एक धडा त्यांस फुकट शिकावयास मिळेल.

नख कापलेच नाही तर काय होते, याचे उदाहरण पुण्याचे श्रीधर चिल्लाळ यांनी जगास दाखविले. त्यांनी १९५२ पासून डाव्या हाताची नखे कापली नाहीत. २०१८ साली न्यूयॉर्क येथे ती कापली, तेव्हा पाच नखांची एकूण लांबी ९०९.६ सेंटिमीटर, म्हणजे नऊ मीटरांहून अधिक भरली. गिनीजच्या पुस्तकात त्यांची नोंद झाली खरी. पण इतकी वर्षे जपावा लागलेला तो हात सर्वसाधारण कामास निरुपयोगी झाला होता. नख हे बोटाच्या सेवेसाठी आहे, बोट नखाच्या सेवेसाठी नव्हे, हा बोध त्यातून घ्यावा.

आता रंगाकडे वळू. आपल्याकडे नखे रंगविण्याची चाल जुनी आहे. मेंदीचा रंग नखातील केराटिनास चिकटून बसतो. म्हणून हातावरची मेंदी फिकट झाली तरी नखांवरची महिनोन्‌महिने टिकते. आजचा नखरंग मात्र निराळ्या कुळातील आहे, आणि ते कूळ सोलापूरकरांस जवळचे वाटावे असे आहे. कारण त्याचा मूळपुरुष कापूस होय. कापसावर नायट्रिक आणि गंधकाम्लाची क्रिया केली असता तो भडकन पेट घेणारा होतो, हे शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४६ साली जाहीर केले. अशा कापसापासून प्रथम तोफांची दारू झाली, नंतर चित्रफिती झाल्या, आणि १९२० नंतरच्या दशकात मोटारगाड्यांचे चकचकीत रोगण झाले. त्याच रोगणाच्या जातीचा पातळ पदार्थ बाटलीत भरून स्त्रियांच्या नखांवर आला. अमेरिकेत १९३२ साली स्थापन झालेल्या रेव्हलॉन कंपनीने दाट रंगाचे नखरंग लोकप्रिय केले. आपल्या देशात टाटा ऑइल मिल्सने १९५२ साली लॅक्मे ही प्रसाधनांची संस्था काढली, आणि देशी प्रसाधने मध्यम वर्गाच्या घरांत येऊ लागली.

साधा नखरंग वाळतो कसा? बाटलीत चिवट थर देणारे नायट्रोसेल्युलोज, चकाकी देणारी राळ आणि रंगाची पूड ही लवकर उडून जाणाऱ्या द्रवात मिसळलेली असतात. द्रव हवेत उडून गेला की मागे पातळ पडदा राहतो. ॲसिटोनने पुसले की तोच पडदा पुन्हा विरघळतो. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. एक, जाड थर देणे व्यर्थ आहे. वरची साय आधी वाळते आणि आतला द्रव कोंडून राहतो, म्हणून तासाभरानेही चादरीचा वळ रंगावर उमटतो. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा केव्हाही बरे. दुसरी गोष्ट, हे द्रव अत्यंत ज्वालाग्राही असतात. चूल, शेगडी, उदबत्ती किंवा देवापुढील दिवा यांच्याजवळ ही बाटली उघडू नये, आणि रंग लावताना खिडकी उघडी ठेवावी.

'जेल' या नव्या प्रकाराची गोष्ट वेगळी आहे. कुंभाराचे नाव ज्या गावाच्या नावात ऐकू येते, तेथील वाचकांस हा भेद चटकन कळेल. उन्हात वाळविलेले कच्चे मडके पाण्यात टाकले तर पुन्हा चिखल होते. भाजलेले मडके होत नाही. साधा नखरंग हे कच्चे मडके, आणि जेल हे भाजलेले. जेलमधील ॲक्रिलेट नावाचे सूक्ष्म रेणू दिव्यातील अतिनील किरणांनी एकमेकांत गुंफले जातात, आणि तो थर आठवडेच्या आठवडे टिकतो. परंतु दिवा त्या जेलला जुळणारा नसला किंवा थर जाड झाला, तर काही रेणू तसेच मोकळे राहतात. आणि नवख्या हाताने लावताना जेल कातडीवरही पसरते. हे मोकळे रेणू कातडीत शिरले म्हणजे काहींस त्यांचे वावडे उत्पन्न होते. बोटे सुजतात, खाज सुटते, नख मांसापासून सुटू लागते, आणि तोच हात डोळ्यांस लागून पापण्यांवर पुरळ उठते. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली, विशेषतः घरी वापरावयाच्या संचांविषयी, असा इशारा दिला होता. हे वावडे एकदा जडले की बहुधा जन्मभर राहते. आणि त्याच कुळातील द्रव्ये दात भरण्याच्या लुकणात व सांधेरोपणाच्या सिमेंटातही असतात. आज हौसेने केलेली गोष्ट चाळीस वर्षांनी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या आड यावी, हा सौदा महाग नव्हे काय? जेल घट्ट करण्यासाठी वापरले जाणारे टीपीओ नामक एक द्रव्य युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून प्रसाधनांत वापरण्यास बंदी केली आहे. सबब शाळकरी मुलींनी घरगुती जेलचा नाद करू नये, हेच श्रेयस्कर.

चिकटवावयाच्या तयार नखांविषयीही सावधगिरी हवी. त्यांचा झटपट चिकटणारा डिंक सुती कपड्यावर सांडला तर कापसाशी त्याची क्रिया होऊन इतकी उष्णता निघते की खालची कातडी भाजते. शिवाय खोट्या नखाखाली पाणी साचले तर तेथे जंतू माजतात. त्या मानाने लोहचुंबकाने सजणारा नखरंग निरुपद्रवी आणि मनोरंजक आहे. त्यात लोहयुक्त बारीक कण असतात. रंग ओला असताना वर चुंबक धरला की ते कण चुंबकीय रेषांत रांगा लावतात, आणि मांजराच्या डोळ्यासारखा चमकदार पट्टा उमटतो. विज्ञानाच्या तासाला कागदावर लोखंडाचा कीस पसरून जो प्रयोग होतो, तोच हा नखावर.

ज्यांस हौस आहे त्यांनी सुटीच्या दिवसांत पुढील रीतीने करावे. हात साबणाने धुऊन कोमट पाण्यात पाच मिनिटे ठेवावे. नख फार खोल न कापता कडा किंचित गोल करावी, आणि हात कोरडे झाल्यावर कानस एकाच दिशेने चालवावी. मुळावरील पापुद्र्यास हात लावू नये. आधी बिनरंगी थर द्यावा, म्हणजे गडद रंगाने नख पिवळे पडत नाही. त्यावर रंगाचे दोन पातळ थर पुरेत. आठवड्याने रंग पुसून टाकावा, खरवडून काढू नये. मग हात धुऊन नखांस खोबरेल चोळावे आणि काही दिवस नखे मोकळी ठेवावी. घेताना बाटलीवरील घटक व तारीख वाचावी. टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटिल थॅलेट ही नावे दिसल्यास बाटली परत ठेवावी. नखे खाण्याची खोड असलेल्या लहान मुलांस रंग मुळीच लावू नये. शाळेचा नियम असेल तेथे तो निमूटपणे पाळावा.

नख रिकामे ठेवण्यास आणखी एक कारण आहे. वैद्यास ते रुग्णाच्या शरीराचे दार असते. रक्तातील लोह फार घटले तर नख चमच्यासारखे खोलगट होते. प्राणवायू कमी पडला तर ते निळसर दिसते. मोठे दुखणे येऊन गेल्यावर नखावर आडवी खाच उमटते, आणि ती मुळापासून किती पुढे सरकली यावरून दुखणे कधी झाले याचा अंदाज बांधता येतो. नखावरचे पांढरे ठिपके मात्र बहुधा किरकोळ मार लागल्याचे असतात. ते कॅल्शियमच्या अभावाने येतात हा समज खरा नाही. बोटास लावून प्राणवायू मोजणारे यंत्र २०२० आणि २०२१ च्या साथीत घरोघरी ओळखीचे झाले. काळ्या किंवा निळ्या रंगाच्या थरामुळे त्याचा आकडा चुकू शकतो. म्हणून कुंभारीच्या अश्विनी ग्रामीण रुग्णालयात असो किंवा अन्यत्र, उपचारासाठी जाताना नखांचा रंग पुसूनच जावे.

सरतेशेवटी पुन्हा त्या कामकरी हातांकडे पाहू. तंबाखूची धूळ नखांखाली साचते आणि तेथून जेवणात जाते. तिच्यातील निकोटीन कातडीवाटेही अंगात शिरते. रंगीत थराने ही धूळ झाकली जाते, जात नाही. तेव्हा विडी वळणाऱ्या मातेने आणि तिला मदत करणाऱ्या घरच्या माणसांनी नखे आखूड ठेवावी, काम संपताच आणि जेवणापूर्वी साबण व मऊ कुंचल्याने ती साफ करावी, निजताना तेल लावावे. मुलींनी आपल्या हौसेतील पहिली पाच मिनिटे आणि कोमट पाण्याचे भांडे आईस द्यावे, तिची नखे कापून द्यावी, तेल चोळावे. रंगाची बाटली त्यानंतर उघडावी. रंग आठ दिवसांत जातो. आईचे हात मात्र पुढेही कष्टच करणार आहेत, आणि त्यांची निगा राखण्यास बाजारातून फारसे काही विकत आणावे लागत नाही.