एक लाख किलोमीटरची अट

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या सरकारला पोलिसांसाठी नवी मोटरसायकल हवी होती. मुख्य अट टिकाऊपणाची होती. गाडी एक लाख किलोमीटर चालली पाहिजे आणि तेवढ्या पल्ल्यात तिच्या देखभालीवर कमीत कमी खर्च झाला पाहिजे. उत्तर इटलीत कोमो सरोवराच्या काठी मांडेल्लो देल लारिओ नावाचं गाव आहे. तिथल्या ‘मोटो गुझ्झी’ कारखान्यातले अभियंते जुलिओ चेझारे कार्कानो यांनी या अटीला जे उत्तर दिलं, ते आजही जगभरच्या रस्त्यांवर धावतंय. १९६५च्या अखेरीस मिलानच्या प्रदर्शनात दिसलेली आणि १९६७ पासून विक्रीला आलेली ७०३ सीसीची ‘व्ही-७’ ही ती गाडी.

कार्कानो काही साधंसुधं नाव नव्हतं. १९५५ साली आठ सिलिंडरची ५०० सीसी रेसिंग मोटरसायकल घडवणारा हाच माणूस. त्या काळात ताशी २७५ किलोमीटरच्या आसपास धावणारं ते यंत्र आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना थक्क करतं. त्याच हातांनी पोलिसांसाठी मात्र एक विलक्षण शहाणं, साधं इंजिन रचलं. दोन सिलिंडर ९० अंशांत फाकलेले, गाडीच्या दोन्ही अंगांना वाऱ्यात बाहेर आलेले, म्हणजे थंड राहणार. क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने, त्यामागे मोटारीसारखा कोरडा क्लच, त्यामागे गिअरबॉक्स आणि तिथून मागच्या चाकापर्यंत शाफ्ट. चेन नाही, त्यामुळे चेनला तेल देणं नाही, ती ताणणं नाही, दर काही हजार किलोमीटरला चेन-स्प्रॉकेट बदलणं नाही.

आणि टॅपेट! बहुतेक मोटरसायकलींमध्ये टॅपेट सेट करायचे म्हणजे टाकी उतरवा, पाइप सोडवा, बोटं कशीबशी आत घाला. गुझ्झीत सिलिंडरचं डोकं थेट मेकॅनिकच्या समोर येतं. झाकणाचे बोल्ट काढले की व्हॉल्व्ह हाताशी. एक पाना, एक स्क्रूड्रायव्हर आणि फिलर गेज एवढ्यावर काम होतं.

इथेच बऱ्याच नव्या मालकांची गफलत होते. ‘एक लाख किलोमीटर’ हा आकडा ऐकून त्यांना वाटतं की ही गाडी लक्ष न देता चालते. अट देखभालीच्या कमी खर्चाची होती. देखभालच नको, अशी नव्हती. जुन्या व्ही-७चं इंजिन ऑइल दर ३,००० किलोमीटरला बदलायचं असतं, कारण सुरुवातीच्या इंजिनांत कागदी ऑइल फिल्टर नव्हता, फक्त तारेची जाळी होती. जाळीत बारीक कण अडत नाहीत. ते ऑइलबरोबरच बाहेर काढावे लागतात. बदलता येण्याजोगा फिल्टर १९७५च्या ‘८५० टी-३’ मॉडेलपासून आला, तोही इंजिनाच्या तळाच्या पात्रात. म्हणजे फिल्टर बदलायचा तर पात्र खाली उतरवायचं.

व्हेनिसचं स्वप्न

कंपनीची गोष्ट पहिल्या महायुद्धात सुरू होते. इटलीच्या नौदलाच्या हवाई तुकडीत व्हेनिसजवळ तिघांची गाठ पडली. जोर्जिओ पारोदी आणि जोव्हान्नी राव्हेल्ली हे वैमानिक आणि कार्लो गुझ्झी हा मेकॅनिक. युद्ध संपलं की मिळून मोटरसायकली बनवायच्या, असं ठरलं. राव्हेल्ली १९१९ साली विमान अपघातात गेला. उरलेल्या दोघांनी पारोदीच्या जहाजमालक वडिलांच्या पैशावर १५ मार्च १९२१ रोजी कंपनी उभी केली आणि टाकीवर पंख पसरलेला गरुड लावला, तो गेलेल्या मित्राच्या स्मरणार्थ. पहिली ‘नॉर्माले’ ५०० सीसीची, जेमतेम ८ अश्वशक्तीची होती. १९५० साली याच कारखान्यात मोटरसायकलींसाठी पूर्ण आकाराचा पवनबोगदा उभा राहिला.

१९५७ साली गुझ्झीने ग्रांप्री शर्यती सोडल्या. १९६०च्या दशकात इटलीत स्वस्त छोट्या मोटारी आल्या, मोटरसायकलींचा खप कोसळला आणि कंपनी बुडण्याच्या बेतात आली. व्ही-७ने तिला तारलं. १९६९ साली मॉन्झाच्या ट्रॅकवर हलक्या केलेल्या व्ही-७ने जागतिक विक्रम केले आणि पुढे लॉस एंजेलिसच्या पोलिसांनीही गुझ्झी वापरायला घेतली. १९७३ साली कंपनी उद्योजक आलेहान्द्रो दे तोमासो यांच्याकडे गेली. २००४ पासून ती ‘पियाजिओ’ समूहात आहे. आपल्याकडे बारामतीत व्हेस्पा बनवणारी कंपनी ती हीच.

घेण्याआधी काय पाहायचं

जुन्या गुझ्झींत सर्वांत देखणी मानली जाते ती १९७१ची ‘व्ही-७ स्पोर्ट’. लिनो तोंती या अभियंत्याने तिच्यासाठी नवी चौकट रचली. आधीच्या गाड्यांत दोन सिलिंडरांच्या मधोमध, इंजिनाच्या डोक्यावर डायनॅमो बसवलेला असे. तोंतीने तो काढून क्रँकच्या पुढच्या टोकाला ऑल्टरनेटर लावला, त्यामुळे टाकी आणि चौकटीचे वरचे पाइप खाली घेता आले. चौकटीचे खालचे दोन पाइप त्याने बोल्टने जोडलेले ठेवले. क्लच बदलायचा असेल तर हे पाइप सोडवून चौकट इंजिनावरून उचलता येते. १९७६ची ‘८५० ल मान्स’ याच चौकटीवर उभी आहे आणि पुढे कित्येक दशकं मांडेल्लोच्या गाड्या हीच चौकट वापरत राहिल्या.

या काळातली गाडी विकत घेताना पहिला प्रश्न सिलिंडरचा. १९७०च्या दशकाअखेरपर्यंत गुझ्झीचे सिलिंडर अॅल्युमिनियमचे आणि आतून क्रोमचा मुलामा दिलेले असत. गाडी अनेक वर्षं उभी राहिली की ओलाव्याने हा मुलामा सुटू लागतो. सुटलेले कठीण कण ऑइलमध्ये जातात, फिल्टर नसलेल्या इंजिनात फिरत राहतात आणि बेअरिंग खातात. क्रोमच्या सिलिंडरला बोअर मारून मोठा पिस्टन घालता येत नाही. प्रचलित उपाय म्हणजे नंतरच्या निकेल-सिलिकॉनच्या मुलाम्याचे नवे सिलिंडर-पिस्टन बसवणं. हे आधीच्या मालकाने केलंय का, हे विचारावंच, आणि शक्य असेल तर पावती पाहावी.

दुसरा प्रश्न ऑइलच्या गळतीचा. क्रँकच्या मागच्या सीलमधून ऑइल झिरपलं की ते कोरड्या क्लचवर येतं. चढावर पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही, हे त्याचं लक्षण. तिसरा प्रश्न शाफ्टचा. शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट आणि त्याला आधार देणारं बेअरिंग स्विंगआर्मच्या तोंडाशी, रबरी टोपीआड असतं. रबर फाटलं असेल तर पाणी आत गेलेलं असतं. शाफ्टच्या दात्यांना वेळच्या वेळी ग्रीस मिळालं नाही तर ते झिजतात, आणि ते काम चेन बदलण्याइतकं स्वस्त नाही.

घरच्या घरी होणारी कामं

ऑइल तीन ठिकाणी, तीन वेगळी. तोंतीच्या चौकटीवरच्या मोठ्या इंजिनांत सुमारे तीन लिटर, गिअरबॉक्समध्ये पाऊण लिटर, मागच्या चाकाच्या गिअरमध्ये पाव लिटर. तिसरं अनेकदा विसरलं जातं, कारण ते इंजिनापासून दूर, चाकाच्या बगलेत आहे. टॅपेट इंजिन पूर्ण थंड असतानाच सेट करायचे. फट मॉडेलप्रमाणे बदलते. अनेक जुन्या मोठ्या इंजिनांत ती ०.२२ मिलिमीटरच्या आसपास असते. डिस्ट्रिब्यूटरमध्ये पॉइंटचे दोन संच, दोन सिलिंडरसाठी दोन. टायमिंग जुळवायला क्लचच्या घराला एक छोटी खिडकी ठेवली आहे. त्यातून फ्लायव्हीलवरच्या ‘डी’ आणि ‘एस’ या खुणा दिसतात, म्हणजे उजवा सिलिंडर आणि डावा. एका सिलिंडरचं टायमिंग बरोबर आणि दुसऱ्याचं चुकलेलं असेल तर गाडी चालते, पण थरथरते आणि एक हेड जास्त तापतं.

वायरिंग ही खरी दुखरी जागा. हेडलाइटचा सगळा विजेचा भार अनेक मॉडेलांत इग्निशन स्विच आणि हँडलवरच्या बटणांतूनच जातो. पन्नास वर्षांत हे संपर्क काळे पडतात, मग प्रकाश मंद होतो आणि कधी भर रस्त्यात इंजिन बंद पडतं. हेडलाइटसाठी रिले बसवणं, अर्थिंगचे जोड खरवडून पुन्हा घट्ट करणं, ही थोड्या खर्चाची कामं आहेत आणि रात्रीच्या प्रवासात जीव वाचवणारी आहेत. ऑल्टरनेटर कमी आरपीएमला फारसा चार्ज देत नाही, त्यामुळे शहरी गर्दीत बॅटरीवर नजर ठेवावी लागते.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. भारतात ते प्रमाण २० टक्क्यांवर गेलं आहे. उसाच्या मळीपासूनही बनणारं हे इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. डेल्लोर्तो कार्ब्युरेटरमधल्या रबरी रिंगा आणि पेट्रोलच्या नळ्या आधुनिक प्रतीच्या घ्याव्यात आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करावा. त्या काळातल्या काही इटालियन गाड्यांना, विशेषतः डुकाटींना, फायबरग्लासच्या टाक्या होत्या. इथेनॉल अशा टाकीतली राळ मऊ करतं.

रस्त्यावर

जाग्यावर उभ्या गुझ्झीला रेस दिली की ती उजवीकडे डोलते. क्रँक लांबीच्या दिशेने फिरतो, त्याची ही प्रतिक्रिया. पहिल्यांदा बसणारा दचकतो. चालत्या गाडीत ती क्वचितच जाणवते. शाफ्टचा स्वभाव मात्र समजून घ्यायलाच हवा. थ्रॉटल दिला की गाडीचा मागचा भाग किंचित वर उचलला जातो, सोडला की खाली बसतो. वळणात झुकलेल्या अवस्थेत घाबरून थ्रॉटल एकदम बंद केला तर नेमक्या त्या क्षणी गाडी खाली दबते आणि रस्त्याला घासण्याची शक्यता वाढते. म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात थ्रॉटल हलका पण सलग ठेवायचा. खालचा गिअर टाकतानाही इंजिनाचा वेग जुळवून घ्यायचा, नाहीतर मागचं चाक उड्या मारतं.

ब्रेकची रचनाही वेगळी. टी-३ पासून गुझ्झीने जोडब्रेक आणले. पायाच्या पेडलने मागची आणि पुढची डावी अशा दोन डिस्क एकदम लागतात. हाताचा लिव्हर फक्त पुढच्या उजव्या डिस्कवर चालतो. निम्म्या ताकदीचा पुढचा ब्रेक पायात आहे, हे ज्याला माहीत नाही तो फक्त हाताने ब्रेक मारतो आणि गाडी थांबत नाही म्हणून कुरकुरतो. काही मालकांनी ही जोडणी काढून टाकलेली असते, तेव्हा घेतलेल्या गाडीत नेमकं काय आहे हे रिकाम्या रस्त्यावर तपासून घ्यावं. या गाड्यांचे ब्रेक ‘ब्रेम्बो’चे. ही कंपनी १९७२ पासून गुझ्झीला डिस्कब्रेक पुरवू लागली, आणि आज तिचा एक कारखाना पुण्याजवळ आहे. जुन्या कॅलिपरचे पॅड आणि सील अजून मिळतात. ब्रेकच्या रबरी नळ्या मात्र आतून फुगतात आणि बाहेरून धडधाकट दिसतात. त्यांचं वय ठाऊक नसेल तर बदलून टाकाव्यात.

व्ही-७ स्पोर्टसारख्या गाडीत गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला आहे. १९७०च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेने डाव्या पायाचा गिअर सक्तीचा केला, तोपर्यंत इटलीत ही रीतच होती. जुनी बुलेट चालवलेल्या मराठी माणसाला हे नवं नाही. आधुनिक गाडीवरून थेट गुझ्झीवर बसणाऱ्याचा उजवा पाय मात्र संकटात ब्रेक समजून गिअरवर पडतो. सराव मोकळ्या मैदानात करावा. अनेक गुझ्झींचा साइड स्टँड वजन हटताच आपोआप मिटतो, त्यामुळे उतारावर तो धोकादायक ठरतो. मधला स्टँडच वापरावा.

आणि टायर. २००० सालापासून टायरच्या कडेला चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. शोभेसाठी ठेवलेल्या गाडीची नक्षी खोल दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. जुन्या गुझ्झीत ते नाही. ओल्या रस्त्यावर चाक लॉक होऊ न देण्याची जबाबदारी पूर्णपणे चालकाची आणि त्याच्या टायरची आहे.

कायदा आणि मालकी

ब्रिटनमध्ये २०१८ पासून ४० वर्षांवरच्या, मूळ रूपात राहिलेल्या बहुतेक गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. इटलीत १९६६ साली स्थापन झालेली ‘एएसआय’ ही संस्था ऐतिहासिक गाड्यांना प्रमाणपत्र देते. भारतात २०२१ साली मोटार वाहन नियमांत बदल झाले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूप टिकवलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षांची, पुनर्नोंदणी ५,००० रुपयांत. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला परवानगी नाही. ब्रिटनच्या सवलतीचा अर्थ एवढाच निघतो: तपासणारा अधिकारी समोर नसेल तेव्हा गाडी मालकालाच तपासावी लागते.

म्हणून गाडी हाती आल्यावर पैसा कुठे आधी घालायचा याचा क्रम पक्का हवा. पहिल्यांदा टायर, ब्रेकच्या नळ्या आणि ब्रेक ऑइल. मग वायरिंग, अर्थिंग, हेडलाइट. त्यानंतर तिन्ही ऑइलं, टॅपेट, पॉइंट आणि कार्ब्युरेटर. मग सिलिंडर उघडून क्रोमची अवस्था पाहायची आणि गरज असेल तर नवा संच बसवायचा. सीटचं कव्हर, टाकीचा रंग आणि गरुडाचं चकचकीत चिन्ह ही कामं या यादीच्या शेवटी येतात, आणि तोवर मालकाला आपल्या गाडीतला प्रत्येक बोल्ट कुठे आहे ते कळलेलं असतं.