टू फॉर द रोड : गाड्या बघा, वर्षं कळतील

ऑड्री हेपबर्न म्हटलं की सगळ्यांना 'रोमन हॉलिडे' आठवतो. माझं मत मात्र 'टू फॉर द रोड'ला (१९६७). दिग्दर्शक स्टॅनली डोनन, सोबत अल्बर्ट फिनी.

जोआना आणि मार्क हे इंग्लिश जोडपं. तो आर्किटेक्ट. लग्नाला बरीच वर्षं झालीत, आता बोलण्यात गोडव्यापेक्षा टोमणेच जास्त. फ्रान्समधून दक्षिणेकडे जाणारे त्यांचे वेगवेगळ्या वर्षांतले प्रवास फ्रेडरिक राफाएलच्या पटकथेत एकमेकांत मिसळलेत. रस्त्यावर आजची मर्सिडीज पुढे जाते आणि त्याच रस्त्यावर, कडेला लिफ्ट मागत, तरुणपणीचे हेच दोघं उभे! 'काही वर्षांपूर्वी' अशी पाटी नाही. खुणा दोनच: गाडी कोणती आणि जोआनाचे केस-कपडे कसे. फाटक्या खिशाच्या दिवसांत पायपीट, मग खटारा एमजी, पैसा आल्यावर मर्सिडीज. गाडी सुधारत जाते, संसाराचं काही सांगता येत नाही. दोघांकडूनही प्रतारणा होते आणि सिनेमा कुणालाच साधू ठरवत नाही. मार्कचा पासपोर्ट सारखा हरवतो, तो जोआनालाच सापडतो. नवरा-बायकोच्या नात्याबद्दल एवढा नेमका विनोद क्वचितच दिसतो.

हेपबर्नचे कपडे तिच्या नेहमीच्या डिझायनरचे, जिवाँशीचे नाहीत, बाजारात तयार मिळणारे आहेत. संगीत हेन्री मॅन्सिनीचं. राफाएलला पटकथेसाठी ऑस्कर नामांकन मिळालं.

सुरुवातीला गोंधळायला होईल. फोन बाजूला ठेवून बघा, आणि शक्यतो जोडीनं. भांडण झालं तर जबाबदारी माझी नाही!