नाकातली पट्टी आणि दोन रात्री

नाकाचे ऑपरेशन करून आलेल्या कोणालाही विचारून पाहा. टेबलावर काय घडले ते त्याला आठवणार नाही, पण नाकातली पट्टी काढली तो क्षण तो अगदी रंगवून सांगेल. ऐकणाऱ्याचेही 'हाड वाढलेले' असेल (खरे तर बहुतेकदा हाड वाढत नाही, मधला पडदा वाकडा असतो), तर तो धसका घेऊन स्वतःचे ऑपरेशनच पुढे ढकलतो.

पण पट्टी भरतात तरी कशाला? हातापायाच्या जखमेवर बाहेरून पट्टी आवळता येते. नाकात ती सोय नाही आणि तिथल्या अस्तरात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे. म्हणून दाब आतूनच द्यावा लागतो.

जुनी पद्धत व्हॅसलीन किंवा औषधी मलम लावलेल्या लांबलचक गॉजची. घडीवर घडी घालत ती आत बसवतात. गॉज कोरडी असेल तर जखमेला चिकटते आणि ओढताना पुन्हा रक्त येते. पुढे मेरोसेलसारखे स्पंज आले. कोरडे असताना चपटे, सलाइन टाकले की फुगणारे! नॅसोपोरसारखा फोम तर आतच विरघळतो, ओढून काढावा लागत नाही. खर्च मात्र वाढतो.

साधी पट्टी बहुधा २४ ते ४८ तासांत काढतात. तोवर श्वास तोंडानेच. घसा सुकतो, गिळताना कानात दडा बसतो, डोळ्यांतून पाणी येते, कारण अश्रूंची नळी नाकातच उघडते. उशी उंच घ्यावी, घोट घोट पाणी प्यावे. झोपेत ज्यांचा श्वास अडखळतो, त्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावे. पट्टीमुळे त्यांना प्राणवायू आणखी कमी पडू शकतो. एकाएकी ताप, अंगावर लाल पुरळ, उलट्या-जुलाब, गरगरणे असे झाले, तर सकाळची वाट पाहू नये. हा जंतूंच्या विषाचा विकार क्वचितच होतो, पण जिवावर बेतू शकतो.

फार थोड्यांना ठाऊक असते की पडद्याच्या ऑपरेशननंतर दर वेळी पट्टी लागतेच असे नाही. पडद्याला आरपार विरघळणारे टाके घालूनही दोन्ही बाजूंचे अस्तर घट्ट बसवता येते. तेव्हा 'पट्टी लागेल का? कोणती?' हे ऑपरेशनपूर्वीच विचारावे. काढण्याआधी वेदनाशामक गोळी मिळेल का, हेही. काहींना त्या वेळी घेरी येते, म्हणून सोबत कुणीतरी असावे.

नंतर किंचित गुलाबी पाणी आले तर घाबरू नये. पण लाल रक्त वाहतच राहिले, तर डोके पुढे झुकवून बसावे, रक्त गिळू नये आणि तडक रुग्णालय गाठावे.