थंडीत ट्रॅक्टरची पहिली खेप चुकू नये म्हणून



गळिताचा हंगाम आणि कडाक्याची थंडी आपल्याकडे जोडीनेच येतात. टोळी पहाटे फडात उतरते, मोळ्या बांधून होतात आणि ट्रॅक्टर काही केल्या सुरू होत नाही. वरवर पाहता हा तास-दोन तासांचा खोळंबा. पण पहिली खेप हुकली की काट्यावरचा नंबर मागे जातो आणि तोडलेला ऊस फडात वाळत पडतो. वजनाची घट त्या सभासदाच्या पदरात पडते, उताऱ्याची घट मात्र सगळ्यांच्याच. म्हणून आम्ही म्हणतो, पहाटेचा ट्रॅक्टर आदल्या संध्याकाळीच तयार ठेवावा लागतो.

थंडीत बिघडते काय?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दाबून इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. इंजिन गार असले की ती उष्णता सिलिंडरच्या भिंतीच पिऊन टाकतात. अशा वेळी इंजिन जोरात फिरायला हवे. पण नेमके तेव्हाच ऑईल घट्ट झालेले असते आणि बॅटरीही गारठलेली असते. निफाडकडे पारा ५ अंशांच्याही खाली उतरल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही.

संध्याकाळी करायची कामे

१. बॅटरी : टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवावा, कोरडे करून व्हॅसलिन लावावे. केबल काढताना निगेटिव्ह आधी काढावी, जोडताना शेवटी जोडावी. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालावे, विहिरीचे पाणी नको. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर मीटरवर १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी, ती चार्ज करून घ्यावी. जवळ बिडी पेटवू नये, बॅटरीतून निघणारा वायू भडकतो.

२. डिझेल : टाकी रात्री भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत दव धरते आणि ते पाणी डिझेलमध्ये उतरते. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साठलेले पाणी काढावे. उन्हाळ्यात भरलेले बॅरल थंडीत वापरू नये. भारतीय मानकात डिझेल वाहते राहण्याची मर्यादा हिवाळ्यासाठी ३ अंश, तर उन्हाळ्यासाठी १५ अंश धरली आहे. जुन्या डिझेलमध्ये मेण धरले तर फिल्टर तुंबतो.

३. ऑईल : डब्यावर १५डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका कमी, तितके ऑईल थंडीत पातळ राहते. मात्र ट्रॅक्टरच्या पुस्तकात सांगितलेलेच ऑईल घालावे.

पहाटे सुरू करताना

गिअर न्यूट्रल करून क्लच पूर्ण दाबावा, म्हणजे गिअरबॉक्समधल्या घट्ट ऑईलचे ओझे सेल्फवर येत नाही. हीटर प्लग असेल तर आधी तो तापू द्यावा. सेल्फ दहा सेकंदांहून जास्त मारू नये. मध्ये अर्धा-एक मिनिट दम घ्यावा. तीन-चार वेळा जमले नाही तर थांबून धुराड्याकडे बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतेय, पण पेटत नाही. धूरच नसेल तर टाकीचा कॉक, स्टॉपचा दांडा, फिल्टर आणि लाईनमधली हवा तपासावी. उगाच सेल्फ मारत बसलं की बॅटरीही जाते आणि वेळही. इंजिन लागल्यावर पाच मिनिटे हळू चालू द्यावे, लगेच ट्रेलर ओढायला लावू नये.

हे मुळीच करू नका

एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणे, टाकीखाली पाचट पेटवणे, गार इंजिनात उकळते पाणी ओतणे, असले उपाय काही ठिकाणी चालतात. पहिल्या दोहोंनी माणूस भाजतो, तिसऱ्याने ब्लॉकला तडा जातो. बंद गोठ्यात वा शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, धुरातला विषारी वायू जीव घेतो. "उतारावर लावला की ढकलून लागेल" हा भरवसाही वाईट. मागे ऊस भरलेला ट्रेलर असेल तर अनर्थ होतो.

या सगळ्याला संध्याकाळचा अर्धा तास पुरतो. ट्रॅक्टर पुष्कळदा ड्रायव्हरच्या हाती असतो, तेव्हा सभासदांनी हा मजकूर त्यालाही वाचून दाखवावा. ट्रॅक्टर वेळेवर निघाला तर ताजा ऊस गव्हाणीत पडेल, आणि त्यातच आपल्या सर्वांचे हित आहे.