नवव्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं तर?

विदर्भातल्या गावात नैराश्याचं सर्वेक्षण चालतं तेव्हा तपासनिसाच्या हाती पुष्कळदा ‘पीएचक्यू-९’ नावाची प्रश्नावली असते. प्रश्न नऊ, तेही गेल्या दोन आठवड्यांपुरते. झोप लागते का, भूक कशी आहे, कामात मन रमतं का, असं विचारत जायचं. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त झाली की नैराश्याची शक्यता धरायची आणि पुढची तपासणी करायची. पहिले आठ प्रश्न कापसाच्या भावावरच्या गप्पांमध्येही खपून जातील. नववा मात्र मरणाच्या विचारांबद्दल आहे. जगण्यात अर्थ नाही, स्वतःला इजा करून घ्यावी, असं किती दिवस वाटलं?

समोरची बाई म्हणाली, ‘येतात ना भाऊ, रोजच येतात.’ मग?

मानसशास्त्रीय संशोधनातल्या नीतिनियमांचा विषय निघाला की पाठ्यपुस्तकं मिलग्रॅमच्या प्रयोगातले खोटे विजेचे झटके आणि झिम्बार्डोचा १९७१ मधला लुटुपुटीचा तुरुंग काढून बसतात. ते वाचावंच. पण ती अमेरिकेतली विद्यापीठं, आणि फसवणुकीच्या त्या कथा आता जुन्या झाल्या. आपल्याकडचा पेच रोजचा आहे आणि तो या नवव्या प्रश्नात सापडतो.

पहिली शंका नेहमीची. असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरत नाही का? ती चाचपून पाहिली गेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला पहिल्या दिवशी आत्महत्येविषयी विचारलं, दुसऱ्याला नाही. दोन दिवसांनी दोन्ही गटांना विचारलं, तेव्हा आधी विचारलेल्यांमध्ये असे विचार वाढलेले दिसले नाहीत. २००५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि नंतरच्या आढाव्यांनीही तेच सांगितलं. म्हणजे धोका विचारण्यात नाही. विचारून, ‘हो’ ऐकून, कागदावर खूण करून पुढच्या घरी निघून जाण्यात आहे. म्हणून नीट आखलेल्या अभ्यासात सर्वेक्षण सुरू होण्यापूर्वीच ठरलेलं असतं की अशा उत्तरानंतर तपासनीस तिथून हलणार नाही, कोणाला फोन करायचा ते त्याला ठाऊक असेल, आणि त्या व्यक्तीला त्याच दिवशी कोणीतरी जाणकार भेटेल किंवा निदान बोलेल. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून मोफत उपलब्ध आहे. तो चिठ्ठीवर लिहून दिला की कर्तव्य संपलं, असं समजणाऱ्या संशोधकाने सर्वेक्षणाला निघू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

याला जोडून आणखी एक प्रश्न असतो : पूर्वी कधी प्रयत्न केला होता का? भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ होतं तोवर हा प्रश्न म्हणजे गुन्ह्याची कबुली मागणंच होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायला सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं कलम नाही. तरी लोकांच्या मनातला पोलीस इतक्या लवकर निवृत्त होत नाही. उत्तर कोणाकोणाला कळेल हे आधी सांगितल्याशिवाय हा प्रश्न विचारूच नये.

आणि कळतं ते बहुतेक वेळा शेजाऱ्यांनाच. ओसरीवर मुलाखत, उंबऱ्यात सासू, कुंपणाशी चार पोरं. अहवालात मात्र ‘गोपनीयता राखली’ असं छापून येतं.

संमतीची अडचण याहून खोल आहे. ज्या घरात शेतकऱ्याने आत्महत्या केली, तिथे कागद घेऊन येणारा माणूस नवा नसतो. तलाठी येऊन जातो, पोलीस येतात, पत्रकार येतात. जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते आणि त्यावर सरकारी मदत अवलंबून असते. मागाहून मृताच्या मनःस्थितीचा माग काढण्यासाठी नातेवाइकांच्या मुलाखती घेणारा संशोधक येतो. त्या घरातल्या बाईला हा माणूस त्या समितीचा नाही हे कसं कळावं? ‘नाही’ म्हटलं तर मदत अडेल, अशी भीती एका कोपऱ्यात असणारच. गावातली आशा स्वयंसेविका सोबत आली असेल तर नकार आणखी अवघड. उद्या तिच्याशीच काम पडायचं आहे. संमतीपत्रावरचा अंगठा अशा वेळी फारसं काही सिद्ध करत नाही. चार पानी माहितीपत्रक शासकीय मराठीत वाचून दाखवण्यापेक्षा ‘आम्ही सरकारचे नाही, तुम्ही बोललात तरी पैसे मिळणार नाहीत, नाही बोललात तरी काही बिघडणार नाही’ ही तीन वाक्यं दोनदा सांगितलेली बरी.

कायदा याबाबत अनेकांना वाटतो त्यापेक्षा कडक आहे. मानसिक आजार असलेल्यांवरच्या संशोधनासाठी २०१७ च्या कायद्याचं कलम ९९ त्यांची मोकळी आणि माहितीपूर्ण संमती मागतं, आणि ती नुसत्या मुलाखतीसाठीही लागते. संमती केव्हाही मागे घेता येते. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातला एखादा रुग्ण संमती देण्याच्या स्थितीत नसेल, तर तो विरोध करत नाही एवढ्यावर त्याच्यावर मानसोपचाराचा प्रयोग करता येत नाही. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनालाही लागू आहेत. नीतिसमितीत निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचाच, आणि एक सामान्य माणूस हवा. पण मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने ‘ताणतणाव आणि एकटेपणा’ असा गूगल फॉर्म व्हॉट्सॲपवर फिरवला, तर तो कोणत्या समितीपुढून गेला हे आपण विचारतो का? त्या फॉर्ममध्येही नववा प्रश्न असू शकतो, आणि तिथे तर समोर तपासनीसही नसतो.

शेवटचा पेच तुलनागटाचा. उपचार न मिळणारा गट असल्याशिवाय उपचाराचा गुण सिद्ध होत नाही; आणि ज्यांना नैराश्य आहे हे आपल्याला कळलं आहे, त्यांना तसंच कसं ठेवायचं? गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवरच्या चाचणीत मधला मार्ग काढला गेला. एका गटाला समुपदेशन मिळालं. दुसऱ्या गटाला नाही मिळालं, पण त्यांचं निदान त्यांच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवलं गेलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमधल्या ‘विश्राम’ या मानसिक आरोग्य उपक्रमाला तुलनागट नव्हता. कार्यक्रमाआधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदतीपर्यंत पोहोचत होते, १८ महिन्यांनी २७.२ टक्के. आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणारे ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. हा बदल उपक्रमामुळेच झाला, असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही. दोन हंगामांतल्या फरकाचाही त्यात वाटा असू शकतो. ठाम पुरावा हवा असेल, तर पुढच्या अभ्यासात काही गावांना थांबावं लागेल. कोणती गावं, किती महिने, आणि तोवर तिथल्या नवव्या प्रश्नाच्या ‘हो’चं काय करायचं, हे त्या गावांना विचारूनच ठरवावं लागेल.